फट नसलेला दस्त

सेतुमाधवरावांची बत्तीस वर्षं मद्रास सरकारच्या धर्मादाय खात्यात फायली वाचण्यात गेली. मेलेल्या माणसांच्या चांगल्या इच्छांचं पुढे काय झालं, हे सांगणाऱ्या त्या फायली. कुणा म्हातारीनं वाटसरूंना उन्हाळ्यात ताक मिळावं म्हणून नारळीची बाग लिहून दिलेली असायची, आणि चाळीस वर्षांनी त्या बागेत विश्वस्ताच्या जावयाचा बंगला उभा असायचा. कुणी पाठशाळेला शेत दिलेलं असायचं, आणि पाठशाळेत विद्यार्थी म्हणून विश्वस्ताचे तीन भाचे. सुरुवात दर वेळी अगदी साधी असे. एखादी विधवा बहीण, एखादा आजारी मेहुणा, "चार दिवस राहू दे, कोठे जाईल बिचारा," एवढंच. सेतुमाधवराव कागदाच्या कडेला लाल पेन्सिलीनं खूण करायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे, "सीते, यांत चोर कोण्ही नसतो. सगळे दयाळूच असतात. म्हणूनच तर पकडता येत नाही."

सीतालक्ष्मी हसायची आणि कॉफीचा पेला पुढे करायची.

घर त्यांचं चिंताद्रिपेटमध्ये होतं. दोन मजली, खाली मोठी ओसरी, मागे विहीर. नोकरीच्या पैशातून हळूहळू बांधलेलं, कुणा पूर्वजाचं नव्हे. सुनीती ही एकच मुलगी, आणि तिचं लग्न होऊन ती मद्रासबाहेर आवडी गावी संरक्षण खात्याच्या डेपोच्या क्वार्टर्समध्ये राहत होती. नवरा अनंतकृष्ण तिथे स्टोअर्समध्ये हेडक्लार्क होता. पेन्शन घेतल्यावर घरात म्हातारा-म्हातारी दोघंच उरली, आणि पुढच्याच वर्षी सीतालक्ष्मीच्या पोटातलं दुखणं निघालं.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ती दोन महिने होती. सेतुमाधवराव रोज डबा घेऊन चालत जायचे. हॉस्पिटलच्या भिंतीला लागून फुटपाथवर तंजावर जिल्ह्यातून आलेली माणसं पथाऱ्या पसरून असायची. कुणाचा नवरा आत, कुणाचं मूल आत. विटांच्या चुलीवर भात शिजायचा, पाऊस आला की सगळे कुठल्यातरी दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहायचे. एक वलंगैमान गावची बाई होती, तिच्याशी सीतालक्ष्मीची खिडकीतून ओळख झालेली. डबा उघडायच्या आधी सीतालक्ष्मी नवऱ्याला विचारायची, "बाहेर ती जेवली का?" जेवली नसेल तर अर्धा डबा बाहेर जायचा. शेवटच्या आठवड्यात सीतालक्ष्मीला अन्न जात नव्हतं. तेव्हा अख्खा डबाच बाहेर जाऊ लागला.

ती गेल्यावर दीडएक वर्षानं सेतुमाधवराव वकील पद्मनाभकडे गेले. पद्मनाभ त्यांच्या दिवंगत मित्राचा मुलगा, तिशीतला, हुशार.

"पद्मनाभा, घर द्यायचं आहे. तंजावरकडून दवाखान्यास येणाऱ्या माणसांस छत्र. राहायला जागा, दोन वेळचं जेवण. सीतेच्या नावानं."

"उत्तम आहे, मामा. मृत्युपत्र करू. तुम्ही आहात तोवर घर तुमचं, तुमच्यामागे छत्राला जाईल. मध्ये कधी मन बदललं तर कागद बदलता येतो."

"तेच नको. मन बदलेल म्हणूनच आज देऊन टाकायचं."

"कशाला बदलेल?"

"म्हातारा होईन. घाबरेन. कोणी येऊन कानाशी रडेल. मज ठाऊक आहे ना, कसं होतं ते." सेतुमाधवराव खुर्चीत पुढे सरकले. "आज हातातून सुटलं पाहिजे. माझ्याही हातास पुन्हा लागता कामा नये."

मग त्यांनी घरून लिहून आणलेली कलमं वाचून दाखवली. घर विश्वस्त संस्थेला कायमचं दिलं, परत घेता येणार नाही. विश्वस्त तीन. कुठल्याही रुग्णानं वा त्याच्या माणसांनी पंधरा दिवसांहून जास्त राहायचं नाही, डॉक्टरची चिठ्ठी असेल तर आणखी पंधरा. संस्थापकानं माडीवरच्या पूर्वेकडील खोलीत हयातीपर्यंत एकट्यानं राहावं. सलग तीन महिने तो तिथे राहिला नाही तर खोलीही रुग्णांना. आणि संस्थापकाचा रक्ताचा वा लग्नाचा कुठलाही नातेवाईक तिथे राहणार नाही, जेवणार नाही, पगारी काम करणार नाही.

पद्मनाभनं पेन खाली ठेवलं. "मामा, शेवटी एक ओळ घालू या. 'विश्वस्तांना योग्य वाटल्यास अपवाद करता येईल.' असावी. पुढेमागे लागली तर."

"ती ओळ मी बत्तीस वर्षं वाचली," सेतुमाधवराव म्हणाले. "सगळं त्याच ओळीतून आत येतं. फट नको."

दस्त नोंदवण्याच्या आधी ते आवडीला गेले. कायद्यानं गरज नव्हती, तरी मुलीची संमती कागदावर असावी असं त्यांना वाटलं, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. सुनीती स्वयंपाकघरात होती, चार वर्षांची वसंता तिच्या पदराला धरून. "मज काय करायचं आहे घर, अण्णा? यांची नोकरी पक्की आहे," ती म्हणाली. हात पुसून तिनं सही केली.

"वाच तरी," ते म्हणाले.

"तुम्ही लिहिलंत ना? मग झालं."

जावयानं मात्र कागद वाचला. वाचून सासऱ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. परत जाताना गाडीत सेतुमाधवरावांना हलकं हलकं वाटत होतं. आयुष्यात एक काम पुरं झालं, आता कुणी काही बिघडवू शकत नाही.

छत्र चाललं, आणि चांगलं चाललं. खालच्या ओसरीत आणि तीन खोल्यांत माणसं उतरायची. स्वयंपाकाला तुळजाबाई होती, सकाळी सांबारभात, संध्याकाळी ताकभात. विश्वस्तांत सेतुमाधवराव स्वतः, पद्मनाभ, आणि तिसरे वेंकोबाराव, निवृत्त हेडमास्तर; ते दर शुक्रवारी येऊन नोंदवही पाहायचे. सेतुमाधवरावांविषयी त्यांना एवढा आदर होता की त्यांच्यासमोर ते पाठ टेकून बसत नसत. तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडीपर्यंत नाव झालं. सेतुमाधवराव माडीवरच्या खोलीतून खाली येऊन नव्या माणसांना कुठल्या इमारतीत कुठला डॉक्टर बसतो ते समजावून सांगायचे. विहिरीवर बायकांची गर्दी असली तर आंघोळीला थांबायचे. स्वतःचं जेवण ते बाहेर मेसमध्ये जेवायचे, कारण जेवण फक्त रुग्णांचं.

एकदा चुलतभावाचा मुलगा दत्ताजी बायकोला घेऊन दारात उभा राहिला. तिला रक्ताच्या उलट्या होत होत्या. सेतुमाधवराव स्वतः त्यांना रिक्षातून लॉजवर घेऊन गेले, चार दिवसांचं भाडं खिशातून भरलं, पण छत्राच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दत्ताजी जाताना म्हणाला, "काका, परक्यांस जागा आहे, आम्हांस नाही, होय ना?" त्या बाईचं पुढे गावी बरं-वाईट झालं. ही हकिगत वेंकोबाराव लोकांना सांगायचे, डोळ्यांत पाणी आणून, सेतुमाधवरावांचा मोठेपणा म्हणून. सेतुमाधवराव ते ऐकताना जमिनीकडे पाहायचे, पण त्यांना ते आवडायचं.

त्रेसष्ट साली, दस्ताला सात वर्षं झाली असताना, अनंतकृष्ण सकाळी शिफ्टला निघताना चपला घालायला वाकला आणि उठलाच नाही. अडतीस वर्षांचा होता.

तेराव्या दिवशी तंजावरहून आलेला सुनीतीचा थोरला दीर क्वार्टरच्या ओसरीत बसून म्हणाला, "तुझ्या जावेला दिसत नाही आताशा. स्वयंपाकाला हात लागतोच. तुम्ही दोघी चला. वसंतानं शाळा शिकली तेवढी पुरे." बोलणं काही वाईट नव्हतं. जे होणार ते तो सांगत होता. क्वार्टर दोन महिन्यांत सोडायचं होतं.

दीर झोपल्यावर सुनीती बापाजवळ आली. "अण्णा, तंजावरला गेले तर मी त्या चुलीपुढेच मरेन. वसंताचंही तेच होईल. मी तुमच्याकडे येते."

"सरी, ये," सेतुमाधवराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हाच त्यांना कळलं की आपण काय बोललो. पण समोर ती बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिनं खांदे सैल सोडले होते. त्यांच्यानं पुढचं वाक्य बोलवलं नाही. उद्या सांगू, त्यांनी ठरवलं. उद्याचं परवा झालं. शेवटी सामानाच्या दोन ट्रंका घेऊन ती तिघं आवडीहून गाडीत बसली तेव्हाही ते सांगायचं राहिलंच होतं. स्टेशनामागून स्टेशन गेलं. वसंता खिडकीशी होती. सुनीती म्हणाली, "तुमच्या खोलीत मागच्या बाजूला एक चूल मांडली की झालं. खालच्या माणसांस त्रास नको." ते म्हणाले, "हं."

आले तेव्हा त्यांनी तुळजाबाईला सांगितलं, "दोनचार दिवस आहेत." सुनीतीनं ते ऐकलं आणि तिला वाटलं, लोकांना सांगायची ही एक रीत असेल.

दाराशी नोंदवही होती. येणाऱ्या प्रत्येकानं नाव, गाव, रुग्णाचं नाव लिहायचं. सुनीतीनं आपणहून पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि रुग्णाच्या रकान्याशी थांबली. "इथे काय लिहू, अण्णा?"

"काही नको लिहू," ते म्हणाले, आणि वही मिटली.

पुढचे दिवस सेतुमाधवरावांना आठवायला नको वाटत. रात्री मायलेकी खोलीत जमिनीवर झोपायच्या, ते खाटेवर डोळे उघडे ठेवून पडायचे. पहाटे खालून कुणी खोकलं तरी त्यांना दचकायला व्हायचं. सुनीती खाली जाऊन तुळजाबाईला भाजी चिरून देऊ लागली, नंतर वाढू लागली. एका पोटाच्या आजाराच्या म्हाताऱ्याला तिनं मऊ भात वेगळा करून दिला. सगळ्यांना ती आवडली. सेतुमाधवराव जिन्यावर उभे राहून हे पाहायचे. ही अशीच सुरुवात त्यांनी शंभर फायलींत वाचली होती. मदत करणारी, गोड बोलणारी, कुणालाही नकोशी न वाटणारी नातेवाईक बाई.

वेंकोबाराव पहिल्या शुक्रवारी आले, सुनीतीला पाहिलं, डोळे पुसले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी नोंदवही उघडली आणि अर्ध्यावर सोडलेल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"सेतुमाधवराव," ते म्हणाले, "मी आपल्याला काय विचारणार? मला लाज वाटते. पण दत्ताजी मला गेल्या महिन्यात कुंभकोणमला भेटला होता. तो विचारेल तेव्हा मी काय सांगू?"

त्या रविवारी तिघे विश्वस्त पद्मनाभच्या ऑफिसात बसले. पद्मनाभनं दस्त पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता त्याच्या कानशिलांवर केस पिकू लागले होते.

"कोर्टात जाऊन कलम बदलून मागता येतं का?" सेतुमाधवरावांनी विचारलं. आपलाच आवाज त्यांना त्या लॉजबाहेरच्या दत्ताजीसारखा वाटला.

"अर्ज करता येईल. पण जज्ज पहिला प्रश्न हाच विचारेल, यात रुग्णांचं हित काय? आणि उत्तर नाही आपल्याकडे. त्यातून सुनीतीची संमतीही तुम्हीच जोडून ठेवलीय." पद्मनाभनं दस्त मिटला. "मामा, दुसरा मार्ग आहे. आपण तिघंच आहोत. आपण काही पाहिलं नाही. कोण तक्रार करणार आहे?"

"कोण्ही नाही."

"मग?"

"कोण्ही तक्रार करत नाही, तिथूनच सगळं सुरू होतं," सेतुमाधवराव म्हणाले. "पद्मनाभा, ती जागा पोटाच्या म्हाताऱ्याची आहे. माझ्या खोलीत आणखी दोघं मावतात, तर ते दोन रुग्ण असायला हवेत. मी मोजलेलं आहे. झोप येत नाही ना, म्हणून मोजतो."

वेंकोबाराव पंच्यानं तोंड झाकून बसले होते. पद्मनाभला एकदम राग आला. "मी तुम्हांला म्हटलं होतं एक ओळ घाला म्हणून! एक ओळ!"

"घातली असती तर मी आज ती वापरली असती," सेतुमाधवराव म्हणाले. "मग आणखी कोणी वापरली असती." पण हे बोलताना त्यांना आतून पटत होतं का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यांनी सुनीतीला बसवलं आणि सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदाच कलमं वाचून दाखवली, मराठीत समजावून. ती ऐकत राहिली. खाली कुणाचं तरी मूल रडत होतं.

"म्हणजे मला जायचं आहे," ती म्हणाली.

"मी जागा बघतो. पेन्शनमधून भाडं देतो."

"अण्णा, तुम्ही एवढ्या लोकांच्या भाच्या-पुतण्यांचा विचार केला. विश्वस्तांच्या जावयांचा केला. मी मनात कोठेच आले नाही?"

"तुझं सगळं व्यवस्थित होतं तेव्हा."

"सगळ्यांचंच असतं, तेव्हा." ती उठली. "आई असती तर तिनं काय केलं असतं, माहीत आहे? तिनं मला आत घेतलं असतं आणि बाहेरच्या बाईलाही. तुम्हांस दोन्ही जमलं नाही."

त्यांनी कलमांचा कागद घडी घालून ठेवला. 

जागा सुनीतीनं स्वतःच शोधली. आवडीच्या क्वार्टर्समधली शेजारीण धनलक्ष्मी, तिचा भाऊ गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात फोरमन होता. तिथे बायका ट्रान्सफॉर्मरसाठी तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायचं काम करत; सुनीतीलाही तिथे काम मिळालं. सेतुमाधवरावांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, "आमच्या घरातली बाई कारखान्यात? लोक काय म्हणतील?"

"तुमचं कलम गिंडीस लागू नाही, अण्णा," सुनीती म्हणाली.

तांबरमला स्टेशनपलीकडे एका घराच्या मागच्या बाजूचा एका खोलीचा पोर्शन मिळाला. बापानं देऊ केलेलं भाडं तिनं घेतलं नाही. ट्रंका रिक्षात चढल्या, वसंतानं आजोबांना "ताता, येते," म्हणून हात हलवला, आणि सेतुमाधवराव जिना चढून माडीवर आले. त्या रात्री एक हृदयरोगाचा रुग्ण आणि त्याचा भाऊ ओसरीत उतरले. नोंदवही पुन्हा स्वच्छ चालू झाली.

पण खोली आता बदलली होती. पूर्वी ती त्यांना तपस्व्याच्या खोलीसारखी वाटायची. आता चार भिंती त्यांना चार कलमांसारख्या दिसू लागल्या. इथून ते कुठेही जाऊ शकत होते आणि कुठेही जाऊ शकत नव्हते. खाली जाऊन कुणाशी बोलावं तर माणसं हात जोडायची, "अय्या, तुमच्यासारखा मनुष्य कलियुगात नाही." ते घाईनं वर यायचे. मेसमधलं जेवण गिळवेना. दर रविवारी ते गाडीनं तांबरमला जायचे, तासभर बसायचे, सुनीती कॉफी द्यायची, "बरं आहे ना?" विचारायची, आणि मग बोलणं संपायचं. तिच्या बोटांना बारीक बारीक चिरा पडलेल्या असायच्या. एकदा ते म्हणाले, "मी इथेच येऊन राहू का?" ती म्हणाली, "तीन महिन्यांत तुमची खोली जाईल. मग परत कोठे जाल? नको." ते परत आले. खरं तर त्यांनाही भीती वाटत होती. पासष्टी उलटलेला मनुष्य, रात्री दम लागायचा, आणि जगात हक्काची म्हणून तेवढी एकच खोली उरलेली.

मार्गशीर्षात एका बुधवारी पेन्शनच्या कामासाठी बाहेर पडलेले सेतुमाधवराव, का कोण जाणे, तांबरमच्या गाडीत बसले. पोर्शनला बाहेरून कुलूप होतं. सुनीती कामावर, वसंता शाळेत, हे धरूनच ते परत वळणार, तोच खिडकीतून आवाज आला, "ताता?"

वसंता आत होती. गजांमागे चेहरा लाल, डोळे चमकत होते. "मज ताप आहे. अम्मा रजा मिळत नाही म्हणाली. मी एकटी म्हणून बाहेरून कुलूप लावून गेली. पाणी आहे माझ्याजवळ."

"किल्ली?"

"अम्माकडे."

घरमालकीण कुठल्या लग्नाला गेली होती. सेतुमाधवरावांनी गजांतून हात घातला आणि तिच्या कपाळाला लावला. कपाळ तापलेलं होतं. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, दोनदा, तीनदा. कोपऱ्यावरच्या दुकानातून हातोडा आणावा असंही मनात आलं, पण मग कुलूप मोडलेल्या दारामागे मुलीला ठेवून सुनीती उद्या कामावर कशी जाणार? ते खिडकीखाली दगडावर बसले. पंचा भिजवून गजांतून दिला, तिनं कपाळावर ठेवला. तापला की ती परत द्यायची, ते पुन्हा भिजवून आणायचे.

"ताता, काहीतरी सांगा."

त्यांना गोष्टी येत नव्हत्या. त्यांना फायली येत होत्या. म्हणून त्यांनी तिला ताकाच्या बागेची हकिगत सांगितली, पाठशाळेची सांगितली, एका गावच्या दिव्याच्या तेलाची सांगितली. ती मधे मधे डुलक्या घ्यायची. एकदा जागी होऊन तिनं विचारलं, "मग त्या लोकांस तुम्ही बाहेर काढलं?"

"हो."

"ते कोठे गेले?"

 बत्तीस वर्षांत सेतुमाधवरावांनी ते कधी विचारलं नव्हतं. फायलीत तेवढं पान नसायचंच.

साडेसहाला सुनीती आली. तिनं बापाला पाहिलं, ओल्या पंच्याला पाहिलं, कुलूप काढलं. आत जाऊन मुलीला कुशीत घेतलं, आणि मग तिचे खांदे हलू लागले. आवाज न करता. सेतुमाधवराव दारातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेंकोबारावांच्या हातात माडीवरच्या खोलीची किल्ली ठेवली.

"तीन महिन्यांनी हक्क संपेल आपला," वेंकोबाराव घाबरून म्हणाले. "परत घेता येणार नाही."

"मीच लिहिलंय ते."

"असं करू. महिन्यातून एक रात्र येऊन झोपून जा. म्हणजे सलग तीन महिने होणार नाहीत. वहीत मी लिहितो."

सेतुमाधवरावांना क्षणभर ते फार गोड वाटलं. एक रात्र, फक्त एक. मग ते म्हणाले, "वेंकोबा, रुग्ण आजच घाला त्या खोलीत. तीन महिने कशाला थांबता?"

एक ट्रंक, एक वळकटी घेऊन ते तांबरमला पोचले तेव्हा सुनीती नुकतीच कामावरून आली होती. ट्रंकेकडे पाहून तिला सगळं कळलं.

"कशाला सोडलीत?" ती म्हणाली. आवाजात माया नव्हती, थकवा होता. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर मी तुम्हांस कोठे ठेवू? ही एवढी खोली. मी दिवसभर तिकडे."

"वसंताजवळ कोणी तरी हवं."

"आणि तुमच्याजवळ?"

त्यांनी ट्रंक खाली ठेवली. तिनं चटई एका बाजूला ओढली आणि बाहेरच्या ओट्यावर त्यांची वळकटी टाकायला जागा केली.

ते तिथे पाच वर्षं, अखेरपर्यंत राहिले. पावसाळ्यात ओट्यावर पाणी यायचं, तेव्हा तिघं खोलीत भिंतीला पाठ लावून झोपायची. ते सहासष्टाव्या वर्षी भात शिजवायला शिकले, पहिले काही दिवस तो करपला, मग बरा होऊ लागला. वसंता शाळेतून यायची तेव्हा दार उघडं असायचं. ती पुढे एसएसएलसीची परीक्षा पास झाली आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला लागली. छत्र चालूच होतं. सेतुमाधवराव विश्वस्त म्हणून वर्षातून दोन सभांना जायचे, ओसरीत बसायचे, आणि पाणीसुद्धा न पिता परत यायचे. तिथे कुणी त्यांच्या पाया पडलं तर ते पाय मागे घ्यायचे.

सुनीती त्यांच्याशी वाईट वागली नाही. औषध वेळेवर द्यायची, दम लागला की पाठ चोळायची. पण आवडीच्या स्वयंपाकघरात हात पुसून सही करणारी ती मुलगी त्यांना पुन्हा दिसली नाही. एकदा, तिच्या बोटात तार रुतली होती आणि ती दिव्याजवळ बसून सुईनं ती काढत होती, तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

"सुनीती, मी चुकलो का गं?"

तिनं सुईवरून नजर उचलली नाही. "मज ठाऊक नाही, अण्णा. तिथे आज जे झोपले असतील त्यांस विचारा. मज विचारू नका."

तार निघाली. तिनं बोट तोंडात धरलं, मग लुगड्याला पुसलं.

"उद्या पाणी लवकर येणार आहे म्हणे," ती म्हणाली. "घागरी बाहेर काढून ठेवता?"

सेतुमाधवराव उठले. एकेक घागर दोन्ही हातांनी धरून, मधे दम खात, त्यांनी त्या नळाजवळ नेऊन ओळीनं ठेवल्या.